पावलं वेगळी, काउंट वेगळे

अंगावर बांधायच्या मोशन सेन्सरच्या फाइलीत 'स्टेप्स' (पावलं) आणि 'काउंट' (हालचालीच्या जोराची गणिताने काढलेली बेरीज) असे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दिवसाचे तीन लाख काउंट दिसले की कोणी ती पावलंच समजतं, तर कोणी काउंटला एखाद्या ठरावीक आकड्याने भागून पावलं काढतं. तीन लाख पावलं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास चाल. एवढा हिशेब केला तरी पहिली चूक जागीच थांबेल. दुसरी जास्त चिवट आहे, कारण भागाकारातून आलेला आकडा दिसायला शहाणा असतो.

पावलांबद्दल फार सांगायला नको. टाच टेकली की शरीराला झटका बसतो, सेन्सरच्या आलेखात त्याचं टोक उमटतं, टोकं मोजली की पावलं झाली. चाल ताशी तीन किलोमीटरच्या खाली गेली की झटके सौम्य होतात आणि पावलं गळतात. ट्रॉली ढकलताना मनगट जवळपास स्थिर असतं, म्हणून घड्याळ कमी मोजतं. हातवारे केले तर न टाकलेली पावलंही जमा होतात. पण पाऊल ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. शेजारून चालत शंभर पावलं मोजावीत, यंत्र काय म्हणतं ते पाहावं, चूक किती ते लगेच कळतं.

काउंटची अशी पडताळणी करता येत नाही, कारण तो शरीरात कुठे घडतच नाही. तो गणितातून तयार होतो. संशोधनात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या, त्याच नावाच्या कंपनीच्या अ‍ॅक्टिग्राफचं उदाहरण घ्या. सेन्सर सेकंदाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा त्वरण नोंदवतो. मग फिल्टर साधारण पाव ते अडीच हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक आवर्तन) पट्ट्यातली हालचाल ठेवतो आणि बाकीची दाबतो. गुरुत्वाकर्षणाचा स्थिर भाग इथेच निघून जातो. उरलेल्या लहरीची अधिक-उणे चिन्हं काढून, बारीकसारीक थरथर गाळून, ठरावीक कालखंडातली, म्हणजे एका इपॉकमधली, बेरीज केली जाते. ती बेरीज म्हणजे काउंट. ही रीत कंपनीने २०२२ साली उघड केली. तोपर्यंत ती बाहेरच्यांसाठी बंद पेटी होती. दुसऱ्या कंपनीचा काउंट दुसऱ्या रीतीने बनतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे काउंट एका तक्त्यात बसवू नयेत.

फिल्टरचा परिणाम धावताना उघड दिसतो. मिनिटाला ११० पावलं म्हणजे सुमारे १.८ हर्ट्झ, हे पट्ट्याच्या आत आहे. १७० पावलं म्हणजे २.८ हर्ट्झ, म्हणजे लहर पट्ट्याबाहेर सरकली. म्हणून ताशी दहा किलोमीटरच्या पुढे वेग वाढला तरी कमरेवरच्या यंत्राचे काउंट वाढायचे थांबतात, कधी घटतात. पावलं मात्र वाढतच राहतात. एका ठरावीक भाजकाने एकातून दुसरं काढता येत नाही ते याचमुळे.

आता सगळ्यात जास्त नडणारा भाग : उंबरठा. १९९८ साली फ्रीडसन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून एक आकडा दिला : मिनिटाला १९५२ काउंट किंवा जास्त असतील तर हालचाल मध्यम तीव्रतेची. हा आकडा प्रौढांसाठी आहे, कमरेवरच्या यंत्रासाठी आहे, फक्त उभ्या अक्षासाठी आहे आणि ६० सेकंदांच्या इपॉकसाठी आहे. यातलं काहीही बदललं की १९५२ निरर्थक होतो. तिन्ही अक्षांची एकत्रित बेरीज वापरायची तर कमरेवरच २६९० हा वेगळा उंबरठा आहे. मनगटावर बांधलेल्या यंत्राला १९५२ लावला, तर बसल्या-बसल्या केलेलं हातकामही मध्यम तीव्रतेच्या व्यायामात जमा होतं आणि आठवड्याला सुचवलेली व्यायामाची १५० मिनिटं खुर्चीतच पुरी होतात.

इपॉकची चूक त्याहून छुपी आहे. समजा, कोणी अर्धं मिनिट जिना चढलं आणि पुढचं अर्धं मिनिट उभं राहिलं. पंधरा-पंधरा सेकंदांचे काउंट आले ९००, ७००, ६०, २०. बेरीज १६८०. मिनिटाचा इपॉक असेल तर हे १९५२ च्या खाली, म्हणजे मध्यम हालचाल शून्य. पंधरा सेकंदांच्या इपॉकला उंबरठा चौथाई केला, ४८८, तर पहिले दोन खंड पार होतात : अर्धं मिनिट मिळालं. आता १५००, ५००, ०, ० घ्या. बेरीज २०००. मिनिटाच्या इपॉकमध्ये अख्खं मिनिट मिळतं, पंधरा सेकंदांच्या इपॉकमध्ये अर्धंच. तीच माणसं, तीच हालचाल. चूक कधी वर जाते, कधी खाली. म्हणून 'उंबरठा चारने भागला, काम झालं' हे वाक्य ऐकवत नाही. लहान मुलांची हालचाल तर काही सेकंदांच्या उसळ्यांत असते; त्यांच्यासाठी पंधरा सेकंदांवरच ठरवलेला संशोधक इव्हन्सन यांचा ५७४ चा उंबरठा घ्यावा, प्रौढांचा आकडा छाटून बसवू नये.

शून्य काउंटचंही तसंच. शांत बसून वाचणाऱ्याच्या कमरेवर शून्य येतं आणि टेबलावर काढून ठेवलेल्या यंत्रातही शून्यच. सलग ६० मिनिटं शून्य म्हणजे यंत्र अंगावर नव्हतं, ही रूढ कसोटी आहे. पण बराच वेळ निश्चल बसणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ती खरा बसलेला वेळच पुसून टाकते. तिथे ९० मिनिटं धरावीत आणि घालण्या-काढण्याच्या वेळांची वही ठेवायला सांगावं.

स्वतःपुरतं रोजचं चालणं पाहायचं असेल तर पावलंच पाहा. तीव्रता हवी असेल तर मिनिटाला १०० पावलं ही प्रौढांसाठी मध्यम तीव्रतेची सोपी खूण पुरेशी आहे. काउंट अभ्यासासाठीच ठेवा. सायकल चालवताना कंबर फारशी हलत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही आकडे तोकडे पडतात. त्यासाठी मांडीवरचा सेन्सर लावा.

अभ्यास करणाऱ्यांनी अहवालात यंत्राचं मॉडेल, बांधण्याची जागा, अक्ष, इपॉक, फिल्टर साधा की कमी वारंवारतेसाठी वाढवलेला, न घातलेल्या वेळेची कसोटी आणि उंबरठा हे सगळं लिहावं. आणि मूळ त्वरणाची फाइल कधीच पुसू नये. तिच्यातून पंधरा सेकंदांचे, मिनिटाचे, हवे तसे काउंट पुन्हा काढता येतात; फक्त मिनिटाचे काउंट जपून ठेवले असतील तर त्यांतून पंधरा सेकंद परत मिळत नाहीत.