मॅच बघायला बसणे : ठाणे-नवी मुंबईच्या घरांतील एका सवयीची पार्श्वभूमी

आयपीएलच्या दिवसांत घोडबंदर रस्त्यालगतच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी साडेसातनंतर जिन्याने वर गेले, तर प्रत्येक मजल्यावर बंद दारांमागून एकाच सामन्याचा आवाज ऐकू येतो. आमच्या घरीही तेच असते. थोरला दहा वर्षांचा आणि धाकटा सात वर्षांचा असे दोन मुलगे सोफा सोडून त्याच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसतात, वरणभाताची ताटे तिथेच येतात आणि षटक संपल्याशिवाय पुढचा घास तोंडात जात नाही. या बसण्याला पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे. तो सांगताना बहुधा विश्वचषकांची आणि वाहिन्यांची जंत्री दिली जाते. मला मात्र त्यात अधिक मोलाचे वाटते ते हे, की प्रत्येक टप्प्यावर घरातला मुलगा टीव्हीसमोर कोणाच्या शेजारी बसला होता आणि समोर चाललेला खेळ त्याला कोण समजावून सांगत होते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याआधी ठाण्यातली मुले सामना ऐकत असत. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन लागले की रेडिओभोवती घर गोळा होई, आणि यष्टिरक्षक, पायचीत, क्षेत्ररक्षण हे शब्द कित्येक मुलांच्या कानावर प्रथम तिथेच पडले. दूरदर्शन आले तेव्हा ही एकत्र बसण्याची सवय तयारच होती. कानांच्या जोडीला डोळे आले, एवढेच. संच महाग होता, तो बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, आणि म्हणून नौपाडा, चरई, पाचपाखाडीच्या चाळींत एखाद्याच घरी टीव्ही असे. सामन्याच्या दिवशी त्या घराचे दार उघडेच राही. पुढे सतरंजीवर मुले, मागे खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, उंबऱ्यात काकू-मावश्या आणि गॅलरीतून खिडकीला नाक लावून उभी असलेली उरलेली पोरे, अशी ती बैठक असे. टंचाईमुळे का होईना, सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकच चेंडू एकाच वेळी पाहत होते. ‘आऊट’ का दिले, हे मुलाने विचारायचे आणि मागून कोणीतरी सांगायचे, हा त्या बैठकीचा रिवाज होता. पडद्यावर धावसंख्याही क्वचितच दिसत असल्यामुळे सांगणाऱ्या माणसाला तेव्हा फार महत्त्व होते.

१९८२ हे वर्ष या इतिहासात ठळकपणे नोंदवावे लागते. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबर-डिसेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धा रंगांत दिसल्या. त्याच ऑक्टोबरात ठाणे महानगरपालिका स्थापन झाली. शहर वाढत होते, चाळींच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या आणि इमारतींच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने दाटू लागले होते. पुढच्याच वर्षी, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताच्या १८३ धावा, वेस्ट इंडीजच्या १४० आणि ४३ धावांनी विजय, हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ आहेत. पण त्या संध्याकाळची जी हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो, ती माझ्या धाकट्या काकांची आहे.

काका तेव्हा बारा वर्षांचे होते. बैठकीतला सर्वांत चपळ मुलगा म्हणून अँटेना सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. पडद्यावर मुंग्या आल्या की खालून हाक जाई, काका गच्चीवर पळत, दांडा थोडा फिरवून ‘आलं का?’ असे ओरडत, मधल्या मजल्यावरचा एकजण तो प्रश्न खाली पोहोचवी आणि त्याच वाटेने ‘आलं’ किंवा ‘गेलं’ असे उत्तर वर येई. व्हिव्ह रिचर्ड्स ३३ धावांवर खेळत होता, भराभर चौकार मारत होता, आणि नेमक्या त्याच वेळी चित्र बिघडले. काका वर गेले. दांडा हातात असतानाच खालून असा आवाज उसळला, की टीव्ही बंद पडला की काय, असे त्यांना वाटले. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने मारलेला उंच फटका कपिलदेवने मागे धावत जाऊन झेलला होता. भारतीय क्रिकेटमधला सर्वांत गाजलेला झेल ज्याच्या हातामुळे खोलीभर माणसांना दिसला, त्याला तो दिसला नाही. जुने चित्रण नंतर त्यांनी अनेकदा पाहिले; तरीही ‘मी तो पाहिलेला नाही’ असेच ते म्हणतात, आणि मला ते अगदी पटते. उसळलेल्या आवाजात आपण नव्हतो, ही रुखरुख पुनःप्रक्षेपणाने भरून निघत नाही.

नव्वदच्या दशकात घरोघर संच आले आणि शेजारच्या घरी जाण्याचे कारण संपले. त्याच सुमारास तारेवरून येणाऱ्या वाहिन्यांनी दूरदर्शनची मक्तेदारी मोडली. या बदलामागे न्यायालयातला एक महत्त्वाचा वाद आहे. १९९३ च्या नोव्हेंबरात झालेल्या हीरो चषकाचे प्रक्षेपण-हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला दिले, सरकारने आणि दूरदर्शनने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे स्पष्ट केले. ठाण्याच्या घरात या निकालाचा अर्थ असा झाला, की सामना पाहण्यासाठी दरमहा पैसे मोजायचे, आणि केबलवाल्याने ऐन सामन्यात वाहिनी बंद केली तर सायकल काढून त्याच्या खोलीवर जायचे.

मी त्या पिढीतला. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवरच्या उपांत्य सामन्यात भारताचे आठ गडी १२० धावांत बाद झाले, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. मोठा पुरुष असा सगळ्यांदेखत रडताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी वडिलांकडे पाहिले. त्यांनी टीव्ही बंद केला नाही. एवढेच म्हणाले, ‘रडू दे त्याला, खेळाडू आहे तो.’ आमच्या घरात हरल्यावर रडणाऱ्या मुलाला कोणी गप्प बसवत नाही, त्याचे मूळ त्या संध्याकाळी आहे. दोन वर्षांनी, एप्रिल १९९८ मध्ये, शारजात सचिन तेंडुलकरने वाळूच्या वादळाने थांबलेल्या सामन्यात १४३ आणि दोनच दिवसांनी, स्वतःच्या वाढदिवशी, १३४ धावा केल्या, तेव्हा वार्षिक परीक्षांचे दिवस असूनही आम्हाला कोणी झोपायला पाठवले नाही. याच काळात दुपारी शाळेतून आल्यावर आम्ही मुले डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्तीही पाहत होतो आणि गाद्या जमिनीवर टाकून तेच डाव एकमेकांवर करत होतो. ते पाहताना मात्र मोठे कोणी शेजारी नसे. घरातल्या मुलांनी स्वतःपुरता पाहिलेला हा पहिला खेळ म्हणता येईल.

पुढच्या दशकात भारनियमनाने ठाणे जिल्ह्याला बराच त्रास दिला. मुंबई शहर त्यातून सुटले होते; इकडे मात्र सामना रंगात आला की वीज जाई आणि घर पुन्हा एकदा ट्रान्झिस्टरभोवती बसे.

२००७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही द्यावे, असा कायदा झाला, त्यामुळे पैसे भरून वाहिनी न घेणाऱ्या घरांतही भारताचे मोठे सामने दिसत राहिले. आणि सप्टेंबरात भारताने पहिला ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकला. लगेच २००८ च्या एप्रिलात आयपीएल सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम खुले झाले होते आणि १ जून २००८ रोजी आयपीएलचा पहिला अंतिम सामना तिथेच झाला. खाडीपलीकडच्या मुलांना टीव्हीवर दिसणारे मैदान पहिल्यांदाच आपल्या गावचे वाटले. ट्वेन्टी-२० ने घराच्या वेळापत्रकावर मात्र खोल परिणाम केला. कसोटी सामना दिवसा चाले आणि जेवणाच्या वेळी खेळाडूही जेवत. आता सामना सुरू होतो तो स्वयंपाकाच्या वेळी आणि संपतो तो अकराच्या पुढे. पूर्वी आठला सुरू होणारे सामने अलीकडे साडेसातला होतात, याचे आयांनी मनापासून स्वागत केले. मुलांची झोप पुरी होत नाही, ही चिंता २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही होती. आमच्याकडे धाकट्यासाठी दहावे षटक ही सीमा आहे. उरलेल्या सामन्याचा निकाल थोरला एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या दप्तरावर ठेवतो.

या सगळ्यात कबड्डीचे पुनरागमन ही मला सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते. १९९० पासून आशियाई स्पर्धांत असलेला आणि ठाण्यातल्या मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीत जपलेला हा खेळ टीव्हीवर नीट दिसला तो २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर. माझे वडील तरुणपणी मंडळाकडून खेळायचे. क्रिकेट पाहताना ते अलीकडे मुलांना फारसे काही सांगत नाहीत, कारण आकडे, वेग, चेंडूचा मार्ग हे सगळे पडदाच सांगतो. या लीगमधल्या मुंबईच्या यू मुम्बा संघाचा सामना लागला की मात्र ते खुर्ची पुढे ओढतात. तीस सेकंदांची चढाई, लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या तर तिसरी गुण मिळवूनच परतायची हा नियम, मॅटवरचे बूट, हे त्यांच्या काळी नव्हते. पण कोपरारक्षक पाय कसा धरतो, साखळी कुठे तुटते, चढाईपटूची नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे का असतो, हे त्यांना चढाई संपण्याआधी दिसते. ‘आता लोण बसणार बघ,’ म्हणजे सगळा संघ बाद होणार, असे ते म्हणतात आणि खरोखर बसते. मग जाजमाची शिवण ही मध्यरेषा ठरते, धाकटा दम घेऊन ‘कबड्डी कबड्डी’ करत शिरतो, आणि सत्तरीतले आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा घोटा पकडतात. जुन्या चाळीच्या बैठकीत मागून सांगणारा जो माणूस होता, तो आमच्या घरात कबड्डीने परत आणला.

तशी त्याची जागा आता कोणालाही आपोआप मिळत नाही. २०२३ च्या आयपीएलचे सामने मोबाइलवर जिओसिनेमावर फुकट दिसू लागले, समालोचनात मराठीचाही पर्याय आला आणि एकाच घरात चार माणसे चार ठिकाणी एकच सामना पाहू लागली. टंचाई होती तेव्हा एकत्र बसणे भाग होते. आता ते ठरवावे लागते. आम्ही असे ठरवले आहे, की भारताचा सामना असेल तर फोन दुसऱ्या खोलीत राहतील आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही लागेल. मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि फोनवर चेंडू नंतर पडतो, हे कळल्यावर त्यांनाही ते पटले.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी रविवारी आम्ही सगळे नेरूळला धाकट्या काकांकडे जमलो. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होणार होता. तीनच दिवसांपूर्वी त्याच मैदानावर मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य गाठून दिले होते आणि थोरल्याने तेव्हापासून बॅट तिच्यासारखी धरायला सुरुवात केली होती. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला. भारताने २९८ धावा केल्या, शेफाली वर्माने ८७. खिडक्या उघड्या होत्या, आणि दुसऱ्याच षटकात मुलांच्या लक्षात आले, की स्टेडियमचा आवाज टीव्हीच्या आधी पोहोचतो. थोरला खिडकीत उभा राहून प्रत्येक चौकार आधीच जाहीर करू लागला. धाकट्याला ते मुळीच आवडले नाही. त्याला चेंडू पाहायचा होता. शेवटी काकांनी त्याची बाजू घेतली, खिडक्या बंद केल्या आणि मुलांच्या मध्ये जमिनीवर येऊन बसले.

मध्यरात्रीच्या सुमारास आफ्रिकेचे नऊ गडी बाद झाले होते. काचांमधूनही गर्जना आली. धाकट्याने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. पडद्यावर दीप्ती शर्मा अजून धावतच येत होती. मग नादीन डी क्लर्कने चेंडू हवेत मारला, हरमनप्रीत कौर मागे धावत गेली आणि तिने तो झेलला. काकांनी धाकट्याचे हात कानांवरून काढले आणि म्हणाले, ‘हा पाहिला मी.’