मातीचे शिक्षण: कोल्हापुरातील पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केलेल्या उत्खननात सातवाहन काळापासूनची खापरे मिळाली. पंचगंगाकाठच्या या वस्तीला भाजलेल्या मातीची सवय निदान दोन हजार वर्षांची आहे. ती विद्या शिकवण्यासाठी वर्ग भरवण्याची कल्पना मात्र फार अलीकडची.

बलुतेदारीत कुंभाराचे गिऱ्हाईक ठरलेले आणि वारसही ठरलेला, त्यामुळे शिकवणे असे वेगळे काही नव्हतेच. पोराने आधी माती चाळायची, राख नि घोड्याची लीद घालून ती तुडवायची; चाक हाती येई ते सर्वांत शेवटी. चाकावरून उतरलेले भांडे जाड आणि ओबडधोबड असते. ते अर्धवट सुकले की आतून दगडी गुंडा धरून बाहेरून लाकडी फळीने थापटायचे, आणि फळीचा घाव नेमका आतल्या गुंड्यावर पडला पाहिजे, हे तोंडी सांगून कळत नाही. हात चुकला की मडक्याला भोक पडते.

मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात कुंभारकामाची कार्यशाळा निघाली आणि मातीकामाला शाळेचे दार उघडले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांसारख्या कलावंतांनी शिल्पकला गाजवली खरी, पण शिल्पकाराची माती साच्यापुरती असते, भट्टीत जात नाही. त्यामुळे एकाच शहरात कलावंताची आणि कुंभाराची माती एकमेकींपासून लांबच राहिली, असे मला वाटते.

पुढे ॲल्युमिनियम, स्टील आणि प्लॅस्टिकने घागरीची जागा घेतली. बापट कॅम्प, शाहूपुरी, गंगावेशीतील कुंभारांचे वर्ष गणेशमूर्तींवर उभे राहिले. २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर तर ऐन गणपतीच्या तोंडावर आला.

अशा घरातला कुंभार सिरॅमिक शिकवू लागतो तेव्हा त्याला स्वतःलाच पुन्हा शिकावे लागते. आव्यातले, म्हणजे कुंभाराच्या पारंपरिक भट्टीतले, मडके साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजते, तर स्टोनवेअरला, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या घट्ट भांड्यांना, १२०० अंशांच्या पुढे जावे लागते, आणि तेवढ्या उष्णतेत नदीकाठची लोहयुक्त माती बसकण मारते. उलट, बेंदराच्या आधी मातीचे बैल करायला आलेली शहरी मुले लिदीच्या नावाने नाक मुरडतात, तेव्हा तिचे कारण सांगायला त्याला पुस्तक लागत नाही: लीद भट्टीत जळून जाते, मागे बारीक छिद्रे उरतात, त्यांतून पाझरलेले पाणी वाळताना माठ गार होतो.