२० लिटरच्या पाण्याच्या जारचा प्लांट : अन्न परवाना कसा काढायचा

सीलबंद जार भरून विकायचे, तर अन्न सुरक्षा परवाना लागतोच. मग प्लांट एकट्याचा असो, भागीदारीतला असो की बचत गटाचा. अर्ज केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन करायचा. महाराष्ट्रात राज्य परवान्याचे काम अन्न व औषध प्रशासन पाहते.

२०२४ मध्ये बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची सक्ती उठली, पण त्याच वर्षी बाटलीबंद पाणी अति-जोखमीच्या गटात गेले. म्हणजे परवान्याआधी जागेची तपासणी आणि पुढे दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून ऑडिट. सक्ती गेली म्हणून मोकळे रान मिळाले, असे समजून कोणी यात पडू नये.

कागदपत्रे अशी: ओळखपत्र, जागेचा मालकी हक्क किंवा भाडेकरार, मोजमापांसह प्लांटचा नकाशा, यंत्रांची यादी, भागीदारी असेल तर तिचा करारनामा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पाणी तपासणी अहवाल. कीटकनाशकांच्या अंशांचा अहवाल वेगळा लागतो. बरेच जण तो विसरतात.

शेवटचा कागद म्हणजे अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा. झेरॉक्सवाल्याकडचा तयार नमुना कृपा करून जोडू नका. आरओ, यूव्ही, ओझोन या पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती सगळेच लिहितात. खरा धोका गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या रिकाम्या जारमध्ये असतो. कुणी त्यात रॉकेल ठेवलेले असते, कुणी फिनेल. म्हणून आधी झाकण काढून वास घ्यायचा, उजेडात धरून शेवाळ, तडे, ओरखडे पाहायचे आणि नापास जार पुन्हा भरायचाच नाही, हे आराखड्यात स्पष्ट लिहा. कडक ब्रशने घासलेल्या जारच्या ओरखड्यांत जंतू घर करतात. फार तीव्र कॉस्टिक सोडा आणि उकळते पाणी जारच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला सोसत नाही. त्यामुळे धुण्याच्या द्रावणाचे प्रमाण, तापमान, निर्जंतुकीकरण आणि शुद्ध पाण्याने शेवटचे खळबळणे, प्रत्येक पायरी कोण तपासणार आणि कुठल्या वहीत नोंदवणार तेही द्या. भरलेल्या पाण्याच्या २५० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास एरुजिनोसा हे जंतू एकही सापडता कामा नयेत.

परवाना मिळाल्यावर १४ अंकी क्रमांक लेबलवर छापायचा, कामगारांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी आणि पाण्याची तपासणी नियमात ठरवलेल्या वेळी करायची. वार्षिक विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचे.

अर्जात त्रुटी निघाली तर पोर्टलवरच कळते. मुदतीत उत्तर दिले नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, म्हणून अर्जात रोज वापरात असलेलाच मोबाइल नंबर द्या.