परसातल्या पंचवीस गुंठ्यांची गोष्ट

सोव्हिएत रशियात परसबाग मोजायचं माप होतं ‘सोत्का’. शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठाच. १९३५च्या नमुना नियमावलीनं कोल्खोजमधल्या, म्हणजे सामूहिक शेतीतल्या, प्रत्येक कुटुंबाला घरालगत साधारण २५ ते ५० गुंठे कसायला दिले. धान्याच्या पट्ट्यात सोबत एक गाय, दोन वासरं, एक डुकरीण, दहापर्यंत शेळ्यामेंढ्या ठेवता येत. कोंबड्या हव्या तेवढ्या.

ही सवलत दिली नसती तर गावं जगलीच नसती. कोल्खोजवरच्या कामाचा हिशेब ‘त्रुदोदेन’, म्हणजे श्रमदिन, या एककात व्हायचा. सरकारचा वाटा, बियाणं वगैरे वजा जाऊन उरेल ते वर्षअखेरीस वाटलं जाई. युद्धानंतरच्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी जवळपास काहीच उरत नसे. घर चालायचं ते परसातल्या बटाट्यावर आणि दुधावर. तिथं राबायच्या मुख्यतः बायका आणि म्हातारी माणसं, तीही कोल्खोजचं काम उरकल्यावर.

१९७०च्या दशकात परसबागांच्या जेमतेम तीन टक्के पेरणीक्षेत्रातून देशाचं सुमारे पाव शेती उत्पादन येई, आणि निम्म्याहून जास्त बटाटे. खासगी शेतीच्या श्रेष्ठतेचा पुरावा म्हणून हा आकडा नेहमी पुढे केला जातो. मला तो अर्धवट वाटतो. परसातली गाय काही त्या गुंठ्यांवर पोसली जात नव्हती. तिचा चारा, कुरण, डुकरांचं धान्य बहुतेक कोल्खोजकडून येई, कधी मोबदल्यात, कधी गुपचूप. शिवाय परसात भाजी, बटाटे, दूध, अंडी. गव्हाची अफाट शेतं सामूहिक. दोन्हींचा एकरी हिशेब एका तराजूत घालणं चूक आहे. सरकारी नियोजनातली सामूहिक शेती आणि परस एकमेकांच्या आधारानं उभे होते.

तरी सरकारला परसाचा संशय कायम. स्टालिनच्या काळात गाय, बटाटे, फळबाग यांचं उत्पन्न किती धरायचं हे आधीच ठरलेलं. कर त्यावर, प्रत्यक्षात पिको न पिको. परिणाम काय झाला? माणसांनी दारची सफरचंदाची झाडं तोडली. वर्षानुवर्षं वाढवलेलं झाड कुऱ्हाडीनं पाडताना त्या घराला काय वाटलं असेल!

स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५३च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे पंतप्रधान मालेन्कोव्ह यांनी कर निम्म्यावर आणला आणि आकारणी सोत्क्यावर, म्हणजे नुसत्या क्षेत्रफळावर नेली. आता गाय बांधली किंवा झाड लावलं म्हणून कर वाढत नव्हता.