स्क्वेअर डान्स

स्क्वेअर डान्स : चार जोड्यांनी चौकोनाच्या चार बाजूंना, तोंडे आत करून उभे राहून करावयाचा अमेरिकी सामाजिक नृत्यप्रकार. पदन्यास जवळजवळ चालण्याचाच. पुढची हालचाल कोणती, हे ‘कॉलर’ म्हणजे पुकारे देणारा आयत्या वेळी सांगतो. जपान, जर्मनी, स्वीडन इ. देशांतही याची मंडळे असून पुकारे तेथेही इंग्रजीतच असतात. चीनमध्ये चौकांत व उद्यानांत, मुख्यतः प्रौढ स्त्रिया ध्वनिवर्धकाच्या तालावर जे सामूहिक नृत्य करतात, त्यालाही इंग्रजीत हेच नाव पडले आहे. तेथे ‘स्क्वेअर’ म्हणजे गावातला चौक. दोहोंत नामसाम्यापलीकडे काही नाही. आरोग्यविषयक लेखनात मात्र ही गल्लत वरचेवर आढळते.

उगम : या नृत्याचे धागे इंग्लंडमधील ग्रामीण नृत्ये (जॉन प्लेफर्डचा संग्रह, १६५१) आणि अठराव्या शतकातील फ्रेंच कोतियाँ व त्यानंतरचे काद्रिय या नृत्यप्रकारांपर्यंत नेले जातात. लोकसंगीताचे संग्राहक सेसिल शार्प यांनी १९१७ मध्ये अमेरिकेतील केंटकीच्या डोंगराळ भागात ‘रनिंग सेट’ हा नृत्यप्रकार पाहिला. त्यात दरबारी अभिवादनाच्या हालचाली नाहीत, म्हणून तो प्लेफर्डपूर्व इंग्रजी नृत्याचा अवशेष असावा, असे त्यांनी मांडले. हे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. पण एखादी गोष्ट आढळत नाही एवढ्यावरून प्राचीनत्व ठरवणे धाडसाचे आहे. शिवाय वादाचा खरा मुद्दा कॉलरचा. यूरोपात नृत्यशिक्षक हालचाली आधी शिकवून ठेवी. नाच चालू असताना त्या पुकारण्याची रीत तेथे रूढ नव्हती. अमेरिकेच्या दक्षिण भागातील नृत्यसमारंभांत वादक बहुधा कृष्णवर्णी, पुष्कळदा गुलाम असत, आणि फिडल (व्हायोलिन) वाजवता वाजवता तेच पुकारे देत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून याचे उल्लेख मिळतात. फिल जेमिसन यांच्यासारखे अलीकडील अभ्यासक म्हणूनच हे नृत्य यूरोपीय व आफ्रिकी-अमेरिकी परंपरांचा संकर मानतात. उपलब्ध पुरावा त्यांच्या बाजूने अधिक झुकतो. १९२० च्या दशकात मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड यांनी जॅझला उतारा म्हणून या नृत्याला आश्रय दिला व ते शाळांतून शिकवले जाऊ लागले. ‘निर्भेळ’ गोऱ्या वारशाच्या त्यांच्या कल्पनेत कॉलरच्या या पूर्वेतिहासाला अर्थातच जागा नव्हती. पुढे कोलोरॅडोतील शिक्षक लॉइड शॉ यांनी पश्चिमेकडील प्रकार संकलित केले. आजची मंडळे मुख्यत्वे त्यांच्या परंपरेतील होत.

आरोग्य : संगीताची गती मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके असते. ऊर्जाखर्चाच्या प्रचलित कोष्टकांनुसार हे नृत्य मध्यम श्रमाच्या व्यायामांत मोडते. त्याचे वैशिष्ट्य श्रमात नसून ऐकण्यात आहे. ‘अ‍ॅलमंड लेफ्ट’ असा पुकारा झाला, की प्रत्येकाने आपला जोडीदार सोडून दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडे वळायचे, डाव्या हाताने त्याची कोपराखालची बाजू धरून फिरायचे. लगेच ‘राइट अँड लेफ्ट ग्रँड’ आला, तर जोडीदाराला उजवा, पुढच्याला डावा, असे आळीपाळीने हात देत गोफ विणल्यासारखे पुढे सरकायचे. एव्हाना पुढचा पुकारा सुरू झालेला असतो. पाठ केलेला क्रम कामी येत नसल्याने स्मरण, दिशाज्ञान व लक्ष यांना एकदमच काम पडते.

यावरून स्मृतिभ्रंश टळतो, असे सरसकट म्हटले जाते. आधार म्हणून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला न्यूयॉर्कमधील अभ्यास दाखवतात. त्यात पंच्याहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा मागोवा घेतला होता आणि शारीरिक छंदांपैकी केवळ नृत्याचा कमी धोक्याशी संबंध दिसला. पण तो निरीक्षणात्मक अभ्यास होता; ज्यांची बुद्धी शाबूत तेच नाचत राहिले, हीही शक्यता उरते. शिवाय तेथील नृत्य म्हणजे स्क्वेअर डान्स नव्हे. मंडळांतून ऐकू येणारा ‘आयुष्य दहा वर्षांनी वाढते’ हा दावा तर उत्साहाच्या सदरातच टाकावा लागतो.

सामाजिक बाजू : एक जण चुकला की आठांचा चौकोन मोडतो, मग सारे मूळ जागी परतून पुढच्या संधीची वाट पाहतात. रागावण्याची रीत नाही. नवशिक्यांच्या चौकोनात काही जाणती मंडळी मुद्दाम उभी राहतात. त्यांना ‘एंजल’ म्हणतात. गाण्यातून पुकारे देण्याच्या प्रकारात प्रत्येक कडव्याला जोडीदार बदलतो व चौथ्या फेरीअखेर मूळचा परत मिळतो, त्यामुळे एकट्याने आलेल्यालाही सर्वांशी हात मिळवावाच लागतो. नृत्यापूर्वी मद्य न घेण्याचा दंडक बहुतेक मंडळे पाळतात. १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या नृत्याला दोन वर्षांपुरता राष्ट्रीय लोकनृत्याचा दर्जा दिला. त्यानंतर मंडळांची संख्या घटत गेली व सभासदांचे वय वाढत गेले. प्रवेशाआधी सुमारे सत्तर पुकारे शिकण्यात कित्येक महिने जात, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. म्हणून अलीकडे सुमारे पन्नास पुकाऱ्यांचा आटोपशीर अभ्यासक्रम पुढे आला आहे.