हॉटेल मार्सेल: पॅनेलपेक्षा खिडक्या बघा

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात महामार्गाला खेटून काँक्रीटची एक धिप्पाड इमारत उभी आहे. वास्तुरचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी ती एका रबर कंपनीसाठी रचली, १९७० च्या सुमारास. खाली प्रयोगशाळा, वर कचेऱ्या आणि मधे चक्क दोन मजल्यांची मोकळी जागा. खालचा गोंगाट वर पोचू नये म्हणून. पुढे बरीच वर्षं ती रिकामी पडून होती. २०२२ मध्ये तिथे १६५ खोल्यांचं ‘हॉटेल मार्सेल’ सुरू झालं. स्वयंपाक, कपडे धुणं, गरम पाणी, सगळं विजेवर.

छपरावर आणि पार्किंगवर मिळून हजारावर सौर पॅनेल आहेत. फोटो निघतात ते त्यांचेच. पण वीज बनवण्याआधी ती लागतेच किती, हे ठरवतात खिडक्या आणि भिंती. इमारत वारसा यादीतली, त्यामुळे बाहेरून काही चिकटवायची सोय नव्हती. उष्णतारोधक थर आतून दिला. खिडक्यांना तीन-तीन काचा बसवल्या. काचांमधल्या बंदिस्त पोकळ्या उष्णता अडवतात आणि आवाजही. कनेक्टिकटच्या थंडीत किती वीज वाचली हे पाहुण्याला कळणार नाही, पण खिडकीखालून ट्रक जाताहेत आणि आपल्याला झोप लागते आहे, हे नक्की कळतं.

इतकी घट्ट इमारत म्हटल्यावर ताजी हवा यंत्रानेच आत घ्यावी लागते. बाहेर फेकायची उबदार हवा आणि आत येणारी गार हवा शेजारशेजारून नेतात. हवा मिसळत नाही, ऊब मात्र इकडून तिकडे जाते. (मुंबईत प्रश्न उबेपेक्षा दमटपणाचा. तिथे बाहेरच्या हवेतली वाफ काढण्यातच एसीची बरीच ताकद खर्च होते.) खोल्या तापवायला हीट पंप आहेत. साधा हीटर एक युनिट विजेतून जास्तीत जास्त एक युनिट उष्णता देतो. हीट पंप उष्णता तयार करत बसत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो, म्हणून तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट काम होतं.

सजावटकारांच्या वाट्याला आलेली गंमत दिव्यांची. एलईडीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. एरवी प्रत्येक दिव्यापाशी तारेतून येणाऱ्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेची डीसी करताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. इथे हे रूपांतर एकाच ठिकाणी होतं आणि इंटरनेटच्या केबलमधूनच दिव्यांना वीज पोचते. त्याच केबलवर दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त होतो, खिडक्यांचे पडदेही वरखाली होतात.