एचआयव्ही-एड्स : जागतिक साथ आणि गोवा

एचआयव्ही हा माणसाची रोगप्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू. उपचार न मिळाल्यास काही वर्षांनी हा संसर्ग ज्या अवस्थेला पोचतो तिला एड्स म्हणतात. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. शरीरात एचआयव्ही असलेल्या माणसाला एड्स झालेला असेलच असे नाही. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि नेमाने घेतल्या, तर तो बहुधा होतही नाही.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली गेली. साथीची जन्मतारीख म्हणून हीच धरतात, जरी विषाणू त्याआधी कित्येक दशके आफ्रिकेत फिरत होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो वेगळा काढण्यात आला. भारतात १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी तो पहिल्यांदा शोधला. सोलोमनबाई माहेरच्या गायतोंडे. हे आडनाव गोमंतकीय वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्या वर्षी १३ लाखांना नव्याने लागण झाली आणि ६ लाख ३० हजार जणांचा मृत्यू झाला. २००४ च्या सुमारास मृत्यूंचा हाच आकडा वर्षाला वीस लाखांवर गेला होता. उतार पडला तो औषधांमुळे. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली, पण ती श्रीमंत देशांपुरती होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तेच मिश्रण दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केले आणि गरीब देशांचे दार उघडले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून हे उपचार मोफत सुरू केले. देशात २०२३ मध्ये बाधितांची संख्या साधारण २५ लाख होती.

गोवा या नकाशावर ठिपक्याएवढा. पण भारतातील एड्सच्या कायद्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

डॉमनिक डिसोझा हा बार्देशातल्या पर्रा गावचा तरुण नियमित रक्तदान करीत असे. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला, पण त्याला त्याचा पत्ता नव्हता. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याला घेऊन गेले. का नेले, हे आधी कोणी धड सांगितले नाही. गुन्हा काही नव्हता; १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात पुढे घातलेल्या दुरुस्तीने अशा व्यक्तीला वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता, इतकेच. वापरात नसलेल्या क्षयरोग आरोग्यधामात त्याने ६४ दिवस काढले. बाहेर पहारा, आत एकटा माणूस, आणि हा विषाणू हवेतून पसरत नाही हे तेव्हाही माहीत होते. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. वकील होते आनंद ग्रोव्हर. अंतरिम आदेशाने मुलगा घरी आला, पण डिसेंबर १९८९ च्या निकालात न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत तेढ आली तर समाजाचे पारडे जड, असा त्याचा आशय. समाजाचे हित त्या कोंडण्याने साधत होते का, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. कोंडले जाण्याची भीती असेल तर तपासणीला कोण येईल?

डॉमनिकने १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. ती संस्था पुढेही काम करीत राहिली.

पुढची ठळक घटना वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची. मुरगाव बंदरालगतची ही वेश्यावस्ती जून २००४ मध्ये पाडण्यात आली. बहुतेक स्त्रिया कर्नाटक आणि आंध्रातून आलेल्या. वस्ती होती तेव्हा निरोध वाटणाऱ्या, तपासणीला नेणाऱ्या कार्यकर्त्यांना दार कुठले ठोठवायचे ते ठाऊक होते. घरे गेली आणि धंदा लॉज, बार, भाड्याच्या खोल्यांत विखुरला. ज्यांच्यापर्यंत पोचायचे त्याच दिसेनाशा झाल्या.

गोव्यात एचआयव्हीची चाचणी आणखी एका वाटेने घरात येते. आखातात नोकरीला निघालेल्याला व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते आणि तीत एचआयव्हीही असतो. ‘मेडिकलात अडकलो’ एवढे सांगून माणूस गप्प होतो. बाकीचे वाडा आपल्या मनाने जुळवतो.

लग्नाआधी चाचणी सक्तीची करण्याचा विचार गोवा सरकारने २००६ मध्ये मांडला आणि २०२१ मध्ये पुन्हा काढला. गोव्यात लग्नाची नोंद नागरी कायद्याने होते, रजिस्ट्रारपुढे सह्या झाल्याशिवाय ते पुरे होत नाही, म्हणून अशी अट घालणे सोपे वाटते. पण लागण झाल्यावर काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही, शिवाय सहीनंतरच्या आयुष्याबद्दल तो कागद काहीच सांगत नाही. दरम्यान १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने चाचणीला संमती आवश्यक केली, माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आणि नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यांतील भेदभावाला मनाई केली. त्यात एक कलम वाचताना थांबायला होते: बाधित कुटुंबातले बारा वर्षांवरचे समंजस मूल धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेशावर सही करू शकते. कायदा लिहिणाऱ्यांनी अशी घरे पाहिली असणार.

शाळेचा विषय गोव्यात आधीच निघाला होता. २०१४ मध्ये दक्षिण गोव्यातील एका शाळेतून अनाथाश्रमातल्या तेरा मुलांना बाहेर पडावे लागले, कारण इतर पालकांनी आपली मुले काढून घेण्याची धमकी दिली. डबा वाटून खाल्ल्याने किंवा एका बाकावर बसल्याने एचआयव्ही होत नाही, हे तोवर पाठ्यपुस्तकात छापलेले होते. लागण होते ती असुरक्षित संभोगातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला. यातली शेवटची वाट तर औषधांनी जवळपास बंद होते: उपचार नसल्यास १५ ते ४५ टक्के बाळांना धोका असतो, नेमाने घेतल्यास तो ५ टक्क्यांच्या खाली येतो.

आज बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात एआरटी केंद्र, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या औषधांचे केंद्र आहे. नियोजन गोवा राज्य एड्स नियंत्रण संस्था पाहते. आधी समुपदेशक बोलतो, मग रक्त घेतले जाते. लागण निघाली तर बहुतेक प्रौढांना टीएलडी ही तीन औषधांची एकच गोळी रोज घ्यावी लागते. रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता येणार नाही इतके घटले की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे वाक्य अजून पुरेशा दिवाणखान्यांत पोचलेले नाही. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे लेनाकापाविर हे प्रतिबंधक इंजेक्शन अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजूर झाले. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून त्याची स्वस्त आवृत्ती वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देणार आहेत.

गोवा लहान आहे. केंद्राच्या बाकावर शेजारच्या गावचे कोणी भेटेल या धास्तीने लोक घराजवळचे ठिकाण टाळून लांबची बस पकडतात आणि परतताना गोळ्यांच्या बाटलीवरचे लेबल नखाने खरवडून काढतात.